फोलपटांनी भरलेली वाटी

दसऱ्याच्या दिवशी, १२ ऑक्टोबर २०२४ला, सोनं वाटायला आलेली माणसं पांगली आणि माझा मामेभाऊ पुण्याहून गाडी घेऊन दारात उभा राहिला. मागच्या सीटवर चादरीने झाकलेला पिंजरा, डिकीत सूर्यफुलाच्या बियांचं अर्धं पोतं. त्याची बदली बंगळुरूला झाली होती आणि तिथल्या फ्लॅटमध्ये त्याचा सन कोन्यूर, म्हणजे एक परदेशी पोपट, चालणार नव्हता. हा पक्षी एकदा ओरडला की चार घरं सोडून पलीकडच्या बाईला वाटतं आपलाच कुकर झाला. "ताई, धुळ्याचं घर मोकळं आहे, वर्षभर सांभाळ," म्हणाला. त्या वर्षाचं आता कायमचं झालंय.

पक्ष्याचं नाव मँगो. पिवळाधमक, डोक्यावर आणि पोटावर केशरी, पंखांच्या टोकांना हिरवा. सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत त्याचा आंब्या केला आणि तो तेव्हापासून त्याच नावाला ओ देतो.

त्याला काय घालायचं, किती घालायचं आणि ते धुळ्याच्या हवेत टिकवायचं कसं, हे कळायला मला वर्ष लागलं. शोधायला गेलं की ब्लूबेरी आणि केलची पानं सांगणारे सल्ले मिळतात. आमच्या भाजीबाजारात मेथी, शेवगा आणि गंगाफळ (लाल भोपळा) मिळतं, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो. माझ्यासारखं कुणी गोंधळलेलं असेल तर त्याच्यासाठी हे सगळं चुकांसकट लिहिते.

आधी कागदांचं. आंब्या आला तेव्हा दोन-तीन ओळखीच्यांनी मला सांगितलं, एवढं परदेशी कशाला, बाजारात लाल चोचीचा हिरवा पोपट स्वस्तात मिळतो. तो आपल्या रानातला पोपट पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, मग तो कितीही वर्षांपासून घरात असो. सन कोन्यूर मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्यामुळे तो पाळता येतो, पण तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत असल्यामुळे त्याची नोंद करावी लागते. २०२२ मध्ये कायदा बदलला, २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले आणि अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. भावाने त्याची नोंद केलेली होती, मला फक्त पक्षी त्याच्याकडून माझ्याकडे आल्याचं कळवायचं होतं. तेवढ्याला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. चूक माझीच होती. पक्ष्याचा फोटो आणि आधारची प्रत, दोन्हींच्या फाइली मी मोबाइलवरून जशाच्या तशा टाकत होते आणि त्या आकाराने मोठ्या होत्या. शेवटी ऑफिसातल्या मुलाकडून लहान करून घेतल्या. भावाच्या नोंदणीच्या कागदाची एक प्रत मी पिंजऱ्याच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. तुम्ही कुणाकडून पक्षी घेत असाल तर आधी तो कागद मागा, पिंजऱ्याचा रंग नंतर बघा.

आता खाण्याचं. पहिला आठवडा मी भावाने सांगितलं तसं केलं: सकाळी वाटीभर सूर्यफूल, दुपारी पाणी बदलायचं, बस. चौथ्या दिवशी सकाळी वाटी भरलेलीच दिसली. मला वाटलं, नव्या घरात रुळला नाही, खात नसेल. मी नवीन घातलं नाही. संध्याकाळी कॉलेजातून आले तेव्हाही वाटी तशीच. आंब्या पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसलेला. ओरडणं बंद. पोपट ओरडत नाही याचा आनंद व्हायला हवा होता, पण पोटात गोळा आला.

सासूबाईंनी वाटी हातात घेतली, सूप पाखडताना मारतात तशी एक फुंकर मारली, आणि अर्धी वाटी हवेत उडाली. खाली तीन दाणे. बाकी सगळी फोलपटं. पोपट बी चोचीत फिरवून सोलतो, आतला गर खातो आणि साल जिथल्या तिथे टाकतो. वरून बघितलं तर वाटी शिगोशीग. "तुन्हा पोपट भुक्या मरी राहिना, आन् तू वाटी देखी राहिनी," त्या म्हणाल्या. दिवसभर उपाशी ठेवलं होतं मी त्याला. त्या रात्री मी जेवले नाही, असं सांगितलं तर जरा जास्त होईल, जेवले, पण घास गोड लागला नाही.

तेव्हापासून वाटी बघायची नाही, फुंकायची. दिवसातून दोनदा.

दिवाळीच्या आधी घर झाडताना माळ्यावरचं ते अर्धं पोतं खाली काढलं. तोंड सोडलं तर आतून किडीची चार राखाडी पाखरं भुर्रकन बाहेर. खाली बियांचे गठ्ठे, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या तारांनी एकमेकांना चिकटलेले. बियांना जुन्या तेलाचा, खवट वास. सूर्यफुलाच्या गरात निम्मं तेल असतं, ते पुण्याच्या बाल्कनीत किती महिने आणि आमच्या माळ्यावर किती दिवस तापलं असेल देव जाणे. पोत्यावर तारीख नाही, सुटा माल. सगळं फेकलं. नऊ-दहा किलो असेल.

मग माझ्या डोक्यात आलेली कल्पना मला त्या वेळी फार हुशारीची वाटली. घरात वर्षाचं धान्य भरलेलं असतं. कोठीत बाजरी आहे, मागच्या खोलीत दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, आहे, डब्यात भगर आहे. बाहेरचं कशाला आणायचं? मी कोठीतून ओंजळभर बाजरी काढली, वाटीत घातली आणि पिंजऱ्याचं दार उघडलंच होतं की मागून आवाज आला.

"ती बाजरी नको टाकू वं, तिले पावडर लायेल शे."

एरंडेल तेल आणि बोरिक पावडर. आमच्याकडे बाजरी, तूर, मूग यांना किडे लागू नयेत म्हणून चोळून ठेवतात. माणसं ते धुतात, निवडतात, दळतात, शिजवतात. शंभर-सव्वाशे ग्रॅमचं पाखरू ते तसंच चोचीत धरतं आणि जिभेने फिरवतं. कोठीत काही घरं तर गोळ्या टाकतात. त्यातल्या काही गोळ्यांतून निघणारा वायू माणसालाही जीवघेणा असतो. मी ती वाटी परत कोठीत उलटली. हात थरथरत होते.

त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली. आमच्या घरात धान्य टिकवायची पिढ्यान्‌पिढ्यांची अक्कल आहे आणि ती सगळी माणसांच्या पोटाच्या हिशोबाने आहे. आंब्यासाठी धान्य वेगळं, न चोळलेलं, थोडंथोडं आणायचं आणि ते टिकवायची वेगळी तऱ्हा शोधायची. दुकानदाराला आता मी आधीच विचारते, "याला काही लावलंय का?" दोघे खरं सांगतात, एक हसतो. हसणाऱ्याकडून घेत नाही.

नोव्हेंबरपर्यंत आंब्याच्या पिसांची चमक उतरलेली वाटायला लागली. इकडचे जनावरांचे डॉक्टर भले माणूस, पण त्यांनी स्वच्छ सांगितलं की गाय, म्हैस, शेळी सांगा, पोपटाला मी हात लावणार नाही. चौकशी करून नाशिकला पक्षी बघणारे एक डॉक्टर मिळाले. वेळ मिळायला अकरा दिवस लागले. ७ डिसेंबर, शनिवार, पहाटेची एसटी. बुटांच्या खोक्यापेक्षा जरा मोठ्या पेटीत आंब्या, वर सुती ओढणी, आत गाजराचा तुकडा. साडेतीन तासांत तो एकदाच ओरडला, पण तो चांदवडच्या घाटात, आणि कंडक्टर गाडी थांबवायच्या बेतात होता.

डॉक्टरांनी आधी वजन केलं: १४१ ग्रॅम. ह्या जातीचा पक्षी साधारण १०० ते १२५च्या आसपास असतो. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवलं. ते हाड हाताला लागायला हवं, आंब्याचं चरबीत बुडालेलं. मग चोच उघडून टाळू दाखवला. तिथे बारीक काट्यांची ओळ असते, आंब्याचे काटे बोथट झालेले. नुसत्या बिया खाणाऱ्या पोपटांना अ जीवनसत्त्व कमी पडतं त्याची ती खूण. म्हणजे माझा पोपट एकाच वेळी जाडही होता आणि कुपोषितही. तपासणीचे ६०० रुपये, जीवनसत्त्वाचं औषध २८० रुपये, दोघांचा जाण्यायेण्याचा खर्च आणि मिसळ धरून दिवसाचे दोन हजाराच्या आत. आंब्याचं तिकीट लागलं नाही.

सांगितलेलं पथ्य असं: सूर्यफूल जेवणातून बंद. निम्म्याहून जास्त पेलेट्स, म्हणजे सगळं सत्त्व एकत्र करून बनवलेले लहान दाणे. मग भाज्या, विशेषतः गर्द हिरव्या आणि केशरी. बारीक धान्य थोडंसं, फळ त्याहून थोडं. बदल एकदम करायचा नाही. रोज सकाळी काही घालण्याआधी वजन करायचं आणि ते १२७च्या खाली झपाट्याने आलं तर थांबून फोन करायचा. पोपट हट्टी असतो, समोरचं अन्न म्हणजे अन्न आहे हे पटलं नाही तर ते असूनही उपाशी बसतो.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ३४९ रुपयांना आणला. त्यावर लाकडाची एक आडवी काडी चिकटवली. आंब्या तिच्यावर सकाळी साडेसहाला बसतो, मी कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहिते. दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी पोपटाचं वजन. "हाई काय, पोपटना बी डायट!" असं सासूबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याआधी आकडा बघायला त्याच येऊ लागल्या.

पेलेट्सची पहिली पिशवी किलोची, हजाराच्या वर. ती माझी तिसरी चूक. आंब्याने पहिला दाणा उचलला, माझ्याकडे बघत खाली टाकला. दुसराही. नऊ दिवस त्याने त्यांना खेळणं समजून पाण्यात बुडवलं. एवढी मोठी पिशवी उघडून बसले होते आणि खाणारा तयार नव्हता. सुरुवातीला लहानात लहान पाकीट घ्या, महाग पडलं तरी. मी नंतर पेलेट्स कुटून त्यांची पूड ओल्या गाजराच्या किसावर भुरभुरवली. ती चोचीला लागून पोटात जाऊ लागली. हळूहळू पूड जाडी केली, मग अर्धे दाणे, मग आख्खे. या सगळ्याला सात आठवडे लागले. वजन १४१, १३९, १३८, १३८, १३६ असं उतरत गेलं. २८ डिसेंबरला एकदम १३१ आला तेव्हा मी घाबरून दुपारी भगर घातली. डॉक्टर फोनवर म्हणाले, बरं केलंत.

भाज्यांचं कुलूप मिरचीने उघडलं, आणि तेही माझ्या हुशारीने नाही. जानेवारीत सासूबाई ठेच्यासाठी पिकलेल्या लाल मिरच्या निवडत बसल्या होत्या. आंब्या बाहेर सोडलेला. तो टेबलावरून चालत गेला, एक मिरची पायात धरली, मधून चिरली आणि बी न् बी वेचून खाल्लं. मी धावले. मला वाटलं आता तडफडेल. त्याने चोच टेबलाला पुसली आणि दुसरी उचलली. "हाऊ ते खान्देशी व्हयी गया!" सासूबाई हसून हसून लाल. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यांच्या शरीरात तो ओळखणारी यंत्रणा आपल्यासारखी नसते. मिरचीच्या झाडाचा फायदाही त्यातच, पक्षी बिया चावून नष्ट करत नाहीत, लांब नेऊन टाकतात. (पोपट मात्र चावतो. आंब्याने झाडाचा काही फायदा केलेला नाही.) लाल मिरचीत अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर. फवारा फार असतो म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवून, मग साध्या पाण्याने दोनदा धुऊन देते.

मिरचीत गुंडाळून बाकी सगळं गेलं: शेवग्याची पानं, मेथी, गाजर, वाफवलेलं गंगाफळ, रताळं. आमच्या घरी त्याला आंब्याची कोशिंबीर म्हणतात. मीठ नाही, तेल नाही, कांदा-लसूण नाही. न द्यायच्या गोष्टींची यादी मी फ्रिजवर चिकटवली आहे: अव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, सफरचंदाच्या आणि सीताफळाच्या बिया, कच्चा राजमा, खारट शेव. खान्देशात राहून शेव नाही हे आंब्याला अजून पटलेलं नाही. केळं मात्र बोटाच्या पेराएवढं. जळगाव जिल्ह्यात आमचे निम्मे नातेवाईक केळी पिकवतात आणि प्रत्येक जण येताना फणी आणतो, तरीही. साखर फार, आणि चोचीला चिकटून वाळलं की खरडून काढावं लागतं.

कॅल्शियमसाठी ऑनलाइन एक पांढरी वडी मिळते, कटलबोन नावाची. ती मागवणार होते तेवढ्यात चित्र बघून सासूबाई म्हणाल्या, हा तर समुद्रफेस. जडीबुटीच्या दुकानात गेले, त्याने बरणीतून काढून दिला, चाळीस रुपयांत दोन मोठे. धुतला, उन्हात वाळवला, तारेने पिंजऱ्याला बांधला.

आता सूर्यफुलाचं. बंद म्हणजे घरातून हद्दपार नव्हे. जी गोष्ट त्याला जिवापेक्षा प्यारी, ती वाटीत ओतून मी तिची किंमत घालवत होते. आता दिवसाला बारा बिया, मोजून, एका छोट्या काचेच्या बाटलीत सकाळीच काढून ठेवते. काट्यावर बसला, एक. हाक मारल्यावर आला, एक. नखं कापू दिली, दोन. बाटली संपली की संपली. घरातले सगळे त्याच बाटलीतून देतात, त्यामुळे "मी एकच दिली" असं पाच जणांनी म्हणायची सोय राहत नाही. कधी बी मक्याच्या कणसाच्या वाळल्या पाल्यात गुंडाळून गाठ मारते. ती सोडवायला त्याला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं शेजारी शांतता असते.

फेब्रुवारीत काका शेतावरून दादरची कणसं घेऊन आले.  माझ्या लहानपणी दादर दाण्यावर आली की वडील पहाटेपासून मचाणावर गोफण घेऊन उभे असायचे, पोपटांचे थवेच्या थवे उतरायचे. वडिलांनी आयुष्यभर जे पोपटाच्या चोचीतून वाचवलं ते मी आता चांगल्यात चांगलं निवडून पोपटापुढे टांगते. काका काही बोलले नाहीत. फक्त कणीस देताना म्हणाले, "हे बिनफवारणीचं आहे, बांधावरचं. त्यालाच दे." कणीस पिंजऱ्याच्या वरच्या तारेला उलटं बांधलं की आंब्या लटकून खातो आणि दाणे सोलता सोलता व्यायाम होतो.

पस्तीस कणसं होती. ती ठेवायची कशी, हा प्रश्न. सावलीत आठ दिवस वाळवली. मग किडीची अंडी मरावीत म्हणून प्लास्टिकच्या घट्ट पिशव्यांत भरून आठवडाभर फ्रीझरला. पहिली पिशवी बाहेर काढली आणि लगेच उघडली. थंड दाण्यावर आमच्या स्वयंपाकघराची वाफ बसली. हाताला ओलसर लागलं, पण मला वाटलं सुकेल. डब्यात भरून टाकलं. सहाव्या दिवशी झाकण उघडलं तर कुबट वास आणि देठाजवळ हिरवी-काळी बुरशी. सात कणसं कचऱ्यात. काकांना सांगितलं नाही. पुढच्या पिशव्या काढल्यावर रात्रभर बंदच ठेवल्या. ओल पिशवीच्या बाहेरून धरली, ती पुसली, आणि सकाळी उघडली तेव्हा आत दाणे खडखडीत. हे एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर सात कणसं वाचली असती, म्हणून परत लिहिते: फ्रीझरमधून काढलेलं धान्य घरातल्या हवेइतकं कोमट झाल्याशिवाय उघडू नका.

बुरशीचं मला त्यानंतर वेडच लागलं. काकांनी शेंगांचं अर्धं पोतंही दिलं होतं. भुईमुगाच्या शेंगेवर ओलीत बुरशी धरते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते, ते यकृतावर जातं आणि भाजल्यानेही पूर्ण जात नाही. शेंग बाहेरून चांगली दिसते. आंब्याचं यकृत आधीच चरबीने बेजार. त्यामुळे शेंगा माणसांनी खाल्ल्या, आंब्याला एकही नाही.

मग उन्हाळा. ३० एप्रिल २०२५, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरात खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सांजोऱ्या, माहेरी आलेल्या नणंदा आणि त्यांची सात मुलं. पिंजरा मी स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत नेला होता, धुरामुळे. (आमचं खापर मातीचं, पण नॉनस्टिकचा तवा फार तापला तर त्याची वाफ पक्ष्यांना मारते, म्हणून तो तवा आम्ही वापरायचाच सोडला.) फ्रिजवरची यादी त्या खोलीतून कुठे दिसते? संध्याकाळी वाटीत पुरणपोळीचा तुकडा, सांजोरी आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. मुलांनी प्रेमानेच घातलं होतं. किती खाल्लं कळेना. रात्रभर मी उठून उठून विष्ठा बघत होते. सकाळी वजन नेहमीचं, १२१. तेव्हा श्वास घेतला. आता पाहुणे आले की बारा बियांची बाटली मुलांच्या हातात देते. द्यायला काहीतरी हवं असतं त्यांना, तेवढंच.

उन्हाळ्यात कोशिंबीर सकाळी सातला घालते आणि साडेआठला काढते, उरली तरी. हिवाळ्यात ती दुपारपर्यंत चालायची. मोड आलेल्या मुगांना इथे मे महिन्यात रात्रभरात बुळबुळ येते. फडक्यात बांधल्यावर दर चार-पाच तासांनी धुवायचे, मोड जेमतेम दिसला की फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचे. नाकाला जरा आंबूस लागलं की उसळही नाही आणि आंब्याही नाही, सरळ झाडाला. पाणी दिवसातून तीनदा.

भाज्या रोज चिरायला वेळ नसतो म्हणून मी रविवारी एकदम करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवत होते, एक चौकोन म्हणजे एक जेवण. छान चाललं होतं. १४ मेला दुपारी वादळ झालं, तारा तुटल्या, लाइट दुसऱ्या दिवशी सकाळी आली. फ्रीझर उघडला तर चौकोन पुन्हा कडक गोठलेले, फक्त सगळे एका बाजूला वाहून एकत्र झालेले. म्हणजे मधे पूर्ण वितळले होते. ते आकाराने कळलं म्हणून, नाहीतर घातलेच असते. तेव्हापासून फ्रीझरमध्ये एका वाटीत बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलं आहे. नाणं वर असेल तर ठीक, तळाशी गेलं असेल तर लाइट बराच वेळ गेली होती, सगळं टाका.

पेलेट्सची पिशवी उघडली की तारीख लिहून स्टीलच्या घट्ट डब्यात, सगळ्यात थंड खोलीतल्या खालच्या फळीवर. माळा नाही, गॅसजवळ नाही, फ्रिजच्या डोक्यावर तर नाहीच, तिथे मोटारीची ऊब असते. पावसाळ्यात महिन्याभराच्या वर पुरेल एवढं मी आणतच नाही. नव्याची भर जुन्यावर घालायची नाही. डबा रिकामा, धुऊन, उन्हात वाळवून मग नवं.

ऑगस्टमध्ये पुन्हा नाशिक. त्याच एसटीने, आणि चांदवडला हा पुन्हा ओरडला. वजन ११८. डॉक्टरांनी टाळू बघितला, काटे सुधारलेले. छातीचं हाड बोटाला लागलं. तपासणीचे सहाशेच घेतले. "काय घालता?" त्यांनी विचारलं. मी यादी सांगायला लागले तर सासूबाई मधेच म्हणाल्या, या वेळी त्याही आल्या होत्या, "साहेब, जे बी घालतो ते फुकी घालतो."

डॉक्टरांना काही कळलं नाही. सासूबाईंनी टेबलावरची त्यांची पेनांची वाटी उचलली आणि फुंकर मारून दाखवली.